आई डोंग्यात बसली

दादाच्या घरात गेल्या तीन वर्षांपासून एक नवीन वेड शिरलंय. बोटीतली सुट्टी. दादा-वहिनी तुलूझला असतात (विमानाच्या धंद्यातली माणसं कधी ना कधी तिथे पोचतातच). दर उन्हाळ्यात ते एक बोट भाड्याने घेतात आणि आठवडाभर त्या बोटीतच राहतात. तिच्यातच झोपायचं, तिच्यातच वहिनी कुकर लावते, आणि बोट चालवतं कोण, तर आमचा दादा! लायसन लागत नाही म्हणे. थोडा वेळ शिकवतात आणि किल्ली हातात देतात. ज्या माणसाला नागपुरात स्कूटरचं लायसन काढायला तीन चकरा माराव्या लागल्या, त्याच्या ताब्यात दहा मीटर लांबीची बोट... असो. फ्रेंच सरकारचा प्रश्न आहे.

मग घरच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस. दोन्ही बाजूंना उंच झाडं, मधे हिरवट पाण्याची सरळ पट्टी, काठाने सायकली, आणि बोटीच्या टोकावर पाय सोडून बसलेली माझी पुतणी. आपण इथे ऑफिसात डबा खात असतो आणि तिकडून हे येतं. मी दोन-चार बदाम टाकून मोकळी होते. आईचं तसं नाही. ती अर्जुनीला एकटी असते, तिला वेळ असतो, आणि ती फोटो मोठा करून करून बघते. पहिल्या वर्षीचे फोटो बघून तिने दादाला फोन केला आणि विचारलं, "हे पानी वाहत काहून नाही?"

तुम्ही हसाल, पण हा प्रश्न फार बरोबर होता. ज्या बाईचा अख्खा संसार कालव्याच्या काठी झाला तिलाच तो सुचणार.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आमचे बाबा इटियाडोह प्रकल्पावर कालवा निरीक्षक होते. इटियाडोह म्हणजे गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ गाढवी नदीवर बांधलेलं मातीचं धरण. १९७० साली पूर्ण झालं. तेव्हा हा सगळा भंडारा जिल्हा होता, गोंदिया वेगळा झाला १९९९ ला. या धरणाचं पाणी अर्जुनीकडच्या धानाला मिळतं, भंडाऱ्याच्या लाखांदुरात जातं आणि गडचिरोलीच्या वडसा-आरमोरीकडेही जातं. आमच्याकडे कालव्याला कालवा कोणी म्हणत नाही, नहर म्हणतात. बाबांचं आयुष्य या नहरावर गेलं. कुठल्या मायनरला किती पाणी, कोणाची पाळी, कोणी रात्रीतून पाट फोडला. टेलचा शेतकरी हा शब्द मी अ आ इ च्या आधी शिकले असेन. टेलचा शेतकरी म्हणजे नहराच्या शेपटाशी ज्याची बांधी आहे तो. त्याच्यापर्यंत पाणी पोचलं की बाबा त्या रात्री नीट जेवायचे.

तर दादाने आईला फोनवर समजावलं. ते पाणी वाहत नाही कारण ते वाहण्यासाठी नाहीच. ते बोट तरंगण्यासाठी आहे. आपला नहर धरणापासून शेतापर्यंत सतत उतरता असतो, पाणी आपोआप खाली जावं म्हणून. बोटीचा कालवा उलट. तो शक्य तितका सपाट ठेवायचा. जमीन चढली की मग काय करायचं? तर दोन दारांमधली एक खोली बांधायची. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरून पाणी सोडायचं, खोली भरली की बोट वर. मग पुढचं दार उघडायचं. उतरताना हेच उलट. पोरं त्याला एक्लूज म्हणतात. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे पायऱ्याच झाल्या ना पान्याच्या." झालं. दादाची दहा मिनिटं आणि तिची एक ओळ.

या कालव्याचं नाव कॅनाल द्यू मिदी. दादाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला आता पाठ आहे. रिके नावाचा एक माणूस होता, पिएर-पॉल रिके, धंद्याने मिठावरचा कर गोळा करणारा. त्याने चौदाव्या लुईला पटवून १६६६ मध्ये परवानगी मिळवली आणि तुलूझपासून भूमध्य समुद्रापर्यंत २४० किलोमीटर कालवा खणायला घेतला. आपल्याकडे शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते हेच वर्ष. कालवा उघडला १६८१ मध्ये आणि रिके वारला १६८० मध्ये, काही महिने आधी. स्वतःचा पैसा घालून, कर्ज काढून बिचाऱ्याने केलं आणि बघायला राहिला नाही.

पण मला त्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. एवढ्या कालव्याला पाणी कुठून आणायचं, ही खरी अडचण होती. एक्लूजचं दार दर वेळी उघडलं की वरचं पाणी खाली जातं, ते भरून काढायला वर सतत पाणी हवं. म्हणून रिकेने डोंगरातले ओढे वळवून सेंट फेरिओल नावाचं धरण बांधलं. दगडी भिंती आणि मधे माती, उंची साधारण पस्तीस मीटर. म्हणजे आमच्या इटियाडोहाच्याच मापाचं, फक्त तीनशे वर्षं आधीचं! बोटी चालाव्यात म्हणून धरण. बाबा असते तर त्यांनी हे वहीत लिहून घेतलं असतं. दादा बाबांना तिकडे नेणार होता, २०१९ च्या उन्हाळ्याचं ठरलंही होतं. त्या मार्चमध्ये बाबा गेले.

आता त्या कालव्यावर मालाची बोट जात नाही. आगगाडी आली, ट्रक आले, गेल्या शतकाच्या शेवटाला माल पूर्ण थांबला आणि उरल्या सुट्टीवाल्या बोटी. १९९६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. काठावर जी झाडं दिसतात ती आपल्या काश्मिरी चिनाराची भावंडं. ४२ हजार होती म्हणे, २००६ पासून त्यांना एक बुरशी लागलीये आणि हजारोंनी तोडावी लागलीत. दादाच्या पहिल्या वर्षीच्या फोटोत सावली आहे, तिसऱ्या वर्षीच्या फोटोत पोरांच्या डोक्यावर टोप्या.

या डिसेंबरात दादा सगळ्यांना घेऊन आला. पोरांची नाताळची सुट्टी. मी पुण्याहून गेले. आणि पहिल्याच संध्याकाळी धाकट्याने विचारलं, "आजी, तुझ्याकडे पण कॅनाल आहे ना? मग बोट कुठे आहे?"

दादा म्हणाला, नवेगावबांधला जाऊ. आम्हालाही ते सोपं वाटलं. आमच्या लहानपणी बोटिंग म्हणजे नवेगावबांधच, शाळेची सहल, नारिंगी रंगाचं जाकीट आणि पॅडल मारून दुखलेले पाय. शिवाय तो तलाव खरंच देखणा आहे. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला. कोहळी हे आमच्याकडचे तलाव बांधणारे लोक, धान आणि ऊस करणारे, आणि त्यांनी हा सगळा मुलूख तलावांनी भरून टाकला. ना इंजिनियर, ना खातं. मारुती चितमपल्ली तिथे वनाधिकारी होते, तेव्हा माझ्या ब्लॉगवर येणाऱ्या बहुतेकांना नवेगाव त्यांच्या पुस्तकांतूनच माहीत असणार. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा अर्जुनीत आईने मला फोन करून सांगितलं होतं, घरचं कोणी गेल्यासारखं.

तर नवेगाव ठरत आलं होतं. आई भाकरी थापत होती, तिकडूनच म्हणाली, "इटियाडोहात चाला. मी बी येतो." (आमच्याकडे बायकाही "येतो" म्हणतात.)

दादाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. वहिनीला काही कळलं नाही.

कारण असं आहे. आईचं माहेर इटियाडोहात आहे. इटियाडोहाजवळ नाही, इटियाडोहात. पाण्याखाली. धरण भरलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आणि दोनच वर्षांनी तिचं लग्न झालं, ते त्याच धरणावर नोकरी करणाऱ्या मुलाशी. आजोबांचा हिशोब साधा होता. जमीन गेली, आता पोरगी नोकरीवाल्याला द्यावी. बाबा नंतर कधीतरी गंमतीने म्हणायचे, "मोबदल्यात मी मिळालो." आई हसायची नाही.

आमचं बालपण धरणाच्या वसाहतीत गेलं. खात्याची एक बोट होती. पाहुणे आले, साहेब आले की निघायची. आम्ही भावंडं दोन-तीनदा बसलो. बाबा दर वेळी आईला विचारायचे आणि आई दर वेळी काहीतरी काम काढायची. पापड, लोणचं, डोकं दुखतंय. एकदा फक्त तिने नीट उत्तर दिलेलं मला आठवतंय. मी सहावी-सातवीत असेन. ती म्हणाली, "त्याच्यावरून फिरायले मले नाई जमत." एवढंच. पुढे बाबांनी विचारणं सोडलं.

आणि आता त्र्याहत्तराव्या वर्षी भाकरी थापताना "मी बी येतो."

सकाळी निघालो. डिसेंबरातलं धुकं, कापलेल्या धानाच्या बांध्या, मधेमधे पुंजणे. सारस दिसेल म्हणून मोठी काचेला नाक लावून बसली होती. महाराष्ट्रात सारस आता जवळपास आमच्या जिल्ह्यापुरताच उरलाय. दिसला नाही. बगळे मात्र भरपूर. गोठणगावच्या अलीकडे तिबेटी लोकांची वसाहत लागते, नोर्ग्येलिंग. १९७२ पासून आहे. प्रार्थनेच्या रंगीत पताका बघून पोरं एकदम ओरडली. फ्रान्समधून आलेल्या पोरांना गोंदिया जिल्ह्यात तिबेट बघून काय वाटलं असेल ते तेच जाणोत. आईला त्यांचं काही नवल नाही. तिच्या अंगातला स्वेटर त्यांच्याकडचाच होता. "तेयचं बी गाव गेलं," ती सहज म्हणाली. मागे प्रतापगडचा डोंगर, जिथे महाशिवरात्रीला यात्रा भरते आणि दर्गाही आहे.

काठावर एक ढिवर काका भेटले. आदल्या दिवशी फोनवर बोलणं झालं होतं. पन्नाशीचे, कानाला मफलर. डोंगा म्हणजे पूर्वी एका झाडाचा कोरलेला असायचा, आता बहुतेक पत्र्याचे किंवा फायबरचे. काकांचा पत्र्याचा होता, जुना, पण कोरडा. दादाचं पहिलं वाक्य, "लाइफ जॅकेट?"

काका म्हणाले, "पोहता येते ना जी?"

दादा मागे हटेना. मला क्षणभर त्याचा राग आला, हा परदेशी बाणा म्हणून. पण तो बरोबर होता. आमच्याकडे डोंगा ही सुट्टीची वस्तू नाही, कामावर जायची आहे. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोलीत गणपूरजवळ वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या बायकांचा डोंगा उलटला आणि बायका बुडाल्या. पलीकडच्या काठावर मजुरी मिळते म्हणून रोज डोंग्याने जाणाऱ्या. त्यांच्या अंगावर कुठली जाकिटं असणार. काकांनाही तो प्रसंग माहीत होता. ते काही न बोलता कुठेतरी गेले आणि अर्ध्या तासाने तीन जाकिटं घेऊन आले. दोन पोरांना आणि एक आईला. आईने लुगड्यावर जाकीट चढवलं आणि पदर त्याच्यावरून घेतला. फोटो आहे, पण टाकणार नाही. तिने शपथ घातलीये.

वहिनी काठावर थांबली, आम्ही पाच आणि काका. मी सगळ्यांत मागे बसले, म्हणून मला आईची फक्त पाठ दिसत होती.

पहिली दहा मिनिटं पोरांची. पाण्यात हात घालणं, पाणकावळे मोजणं, जाळ्यांना बांधलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना बघून "हे कचरा आहे का" विचारणं. (नाही, जाळं कुठे आहे ते कळायला.) मग काकांनी वल्हवणं सावकाश केलं आणि एकदम शांत झालं. तिकडच्या कालव्यावर ताशी आठ किलोमीटरच्या वर बोट हाकता येत नाही, दादा सांगत होता. काठ खचतो म्हणून. इथे आठ म्हणजे चैनच.

आई काठाकडे बघत नव्हती. ती डोंगरांकडे बघत होती. एका डोंगराचं टोक, दुसऱ्याचं खांड, मग मान वळवून मागे प्रतापगड. तिने काकांना सांगितलं, "थोडं डावीकडे घ्या जी." मग, "अजून." मग, "थांबा."

काकांनी बांबू खाली घातला. लागला नाही.

"हे आमचं मारुतीचं देऊळ," ती म्हणाली. "इथून सरळ खाली गल्ली, गल्लीच्या टोकाले विहीर, विहिरीपासून तिसरं घर आमचं." हाताने दाखवत होती, पाण्यावर. जणू पाण्यावर आखलेलं होतं. काका एकदम म्हणाले, "तुमी त्या गावच्या का जी? माझी आजी तिथलीच." मग नावांची उजळणी सुरू झाली. कोणाचा कोण, कोण कुठे गेलं, कोण वडस्याला, कोण ब्रह्मपुरीला, कोणाचा पोरगा झाडीपट्टीच्या नाटकात काम करतो. पाच मिनिटांत नातं लागलं आणि काका म्हणाले, "मंग तं तुमी आमच्या आत्याच झाल्या."

मी आजवर असं धरून चालले होते की गाव बुडालं म्हणजे एक दिवस पाणी आलं. सिनेमात दाखवतात तसं. आई सांगत होती ते वेगळंच. आधी दोन वर्षं माणसं घरं उचलून नेत होती. कवेलू उतरवले, दारं-चौकटी काढल्या, सागाचे फाटे काढले, बैलगाड्या भरून नेलं. ज्याच्या दाराला चांगली कडी होती त्याने कडी पण नेली. मारुतीची मूर्ती डोक्यावरून नेली. पाणी आलं तेव्हा गावात फक्त मातीच्या भिंती आणि चिंचेचं झाड होतं. "चिंच तोडाची म्हनत होते, मंग राहूनच गेली. तिच्यावर शेवटपर्यंत बगळे बसत." शेवटपर्यंत म्हणजे, शेंडा बुडेपर्यंत.

धाकट्याने विचारलं, "म्हणजे आता मासे तुझ्या घरात राहतात?"

"राहू दे. आपन भाडं नाई मागत."

मग दादाने ते काढलं. मला माहीत होतं तो काढणारच, दोन दिवस घोळत होतं. तो म्हणाला, इथे काय नाही? एवढं पाणी, डोंगर, जंगल, बाजूला नवेगाव-नागझिरा. दोन-चार राहायच्या बोटी ठेवल्या तर लोक पुण्या-मुंबईहून येतील. फ्रान्समध्ये मेलेला कालवा सुट्टीवर जगतोय, गावंच्या गावं त्याच्यावर जगताहेत.

मला बोलवेना. आपली आई तिच्या गावावर तरंगतेय आणि हा रिसॉर्ट काढतोय! मी तोंड उघडणार तेवढ्यात आईच म्हणाली, "चांगलं होईन ना. पोरायले काम भेटन. इथले पोरं सारे नागपुरात सिमेंट कालवतात."

म्हणजे माझा राग हवेत. जिचं गाव, तिची हरकत नाही. हरकत होती ती काकांची. ते आधी गप्प होते. मग म्हणाले, "बोटी येतीन साहेब. मंग आमी जाळं कुठी टाकाव?" दादा म्हणाला, एका बाजूला जाळी, एका बाजूला बोटी. काका म्हणाले, "कागदावर तसंच रायते." त्यानंतर कोणी विषय वाढवला नाही. मला वाटतं, त्या डोंग्यात सगळ्यात खरं वाक्य तेच होतं. पाणी अडवलं तेव्हा ते धानासाठी ठरलं, मासळी ढिवरांच्या वाट्याला आली, ती मागून न घेता. आता तिसरा कोणी आला तर तो ज्याचा कागद नाही त्याच्याच वाट्यातून घेणार. दादाला हे पटलं नाही, आम्ही रात्री पुन्हा भांडलो. ते जाऊ दे.

एक मात्र त्याने मजेशीर सांगितलं. नदीतून माल न्यायचं खूळ आपल्याकडेही येऊन गेलंय. १८६० च्या दशकात इंग्रजांनी वर्ध्याकडचा कापूस बोटीतून प्राणहिता, गोदावरीमार्गे समुद्रापर्यंत न्यायचं ठरवलं होतं. मधे खडकांचे टप्पे, म्हणून त्यांच्या बाजूने कालवे आणि तसलीच दोन दारांची खोली बांधायला घेतली. पैसा ओतला आणि १८७१ च्या सुमारास सोडून दिलं. तेवढ्यात रेल्वे आली. आमची गाढवी वैनगंगेला मिळते, वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, म्हणजे हिशोबाने आमच्या डोंग्याखालचं पाणीही त्याच वाटेचं. आणि २०१६ च्या कायद्यात वैनगंगा-प्राणहिता हा राष्ट्रीय जलमार्ग आहे! मिरची तोडायला जाणाऱ्या बायका राष्ट्रीय जलमार्गावर बुडाल्या, असं म्हणायला हरकत नाही.

परत येताना मी आईला विचारलंच. बाबा एवढं विचारायचे, तेव्हा का नाही बसलीस?

ती म्हणाली, "ते खात्याची बोट होती. हा ढिवराचा डोंगा आहे."

मग थोडं थांबून, "तुझ्या बाबाले वाईट वाटे. मले समजत होतं. पन तेयच्यासंगं त्या बोटीत बसले असते तं मंग सगळं बरोबर होतं असं झालं असतं ना."

मी काही बोलले नाही. पुढे दादा पोरांना उतरताना डोंगा हलवू नका म्हणून ओरडत होता, त्याने हे ऐकलं की नाही ठाऊक नाही. दादा, तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे. म्हणून लिहिलं.

काठावर काकांनी पैसे घेताना फार त्रास दिला. आत्याकडून पैसे कसे घेऊ. दादाने शेवटी खिशात कोंबले. मग त्यांनी एक दीड किलोचा रोहू आणून आईच्या हातात दिला आणि त्याचे मात्र घेतलेच नाहीत. आईने त्यांच्या नातवाच्या मुठीत नोट दिली. ही देवाणघेवाण वीस मिनिटं चालली. माझ्या पुतणीने फ्रेंचमध्ये आईला, म्हणजे वहिनीला, विचारलं की हे भांडताहेत का.

संध्याकाळी रस्सा उकळत असताना आईने दादाला विचारलं की त्या फ्रान्सच्या बोटीचं आठवड्याचं भाडं किती. दादा आधी टाळत होता. मग म्हणाला, पावणेदोन लाख पडतात, आपल्या पैशात. आईने कॅलेंडरच्या मागे हिशोब केला. २०२५-२६ चा धानाचा हमीभाव २,३६९ रुपये. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर क्विंटल झाले. "चार एकराचं धान," ती म्हणाली, "सात दिवसात. आनि बोट बी वापस द्या लागते." दादा पुढच्या वर्षी तिला तिकडे नेणार म्हणतोय. तिने नाही म्हटलेलं नाही. फक्त विचारलं, त्या पायऱ्यांचं दार हाताने उघडतात की मशीनने.

जाताना ती दादाला म्हणाली होती की मे महिन्यात ये, पाणी उतरतं तेव्हा विहिरीचा काठ दिसतो, चालत जाता येतं. दादाच्या पोरांची शाळा जुलैपर्यंत असते, त्यामुळे ते काही शक्य नाही. मी मेच्या दुसऱ्या आठवड्याची रजा टाकलीये. ऊन कडक असेल, तेव्हा पहाटे पाचला निघावं लागेल असं आईचं म्हणणं.